मस्टरवरची माणसं

आमचे आबा शेतकरी होते आणि मजुरांविषयी त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. ज्वारीची काढणी आली की संध्याकाळी ओट्यावर चार माणसं जमायची, पानाचा डबा फिरायचा आणि कोणीतरी विषय काढायचंच, "माणसं मिळंनात." आबा सुपारी कातरत म्हणायचे, "मिळतील कशी? बसून खायची सवय लागलीय. सरकारनंच लावली." सगळे माना डोलवायचे. मग आत चुलीपाशी बसलेली मोठी आई, म्हणजे आमची आजी, आवाज न चढवता विचारायची, "मलाबी सरकारनंच लावली व्हती का?"

आबा तिथं थांबायचे. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मोठी आई दुष्काळी कामावर गेली होती आणि तिच्या मजुरीतून आणलेल्या मिलोच्या भाकरी आबांनीही खाल्ल्या होत्या.

हे "बसून खायची सवय" मी पुढं फार ठिकाणी ऐकलं. निवडणुकीच्या सभांत ऐकलं, स्टाफरूममध्ये ऐकलं, टीव्हीवरच्या चर्चेत तर रोजच. ज्याच्या तोंडी ते येतं त्याला वाटतं, हे आपल्याच काळाचं निरीक्षण आहे. आमच्या घरात मात्र त्याचा माग निदान दीडशे वर्षं मागं जातो.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यातलं. दौंड-मनमाड रेल्वे गावापासून दोनेक कोसांवरून जाते. लहानपणी त्या बाजूला बैलगाडीनं गेलो की आबा रुळांखालच्या मातीच्या भरावाकडं बोट करायचे. "ह्यातली माती माझ्या आजीनं व्हायलीय." तेव्हा आम्हाला ते खरं वाटत नसे, सगळ्यांचेच आजोबा असं काहीबाही सांगतात म्हणून. पुढं वाचनात आलं की १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात हा मार्ग खरोखरच दुष्काळी काम म्हणून बांधला गेला, आणि १८७८ मध्ये त्यावरून गाडी धावली. आबांची आजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असावी. तिनं पाटी वाहिली असेल ती नेमकी याच भरावावर की दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर, हे आता सांगणारं कोणी नाही. पण तिची एक गोष्ट घरात टिकली. ती काम सोडून चालत घरी आली होती.

का आली, याची आबांची हकीगत अशी. आधी काम गावाजवळ होतं. संध्याकाळी घरी येता यायचं, घरात आंधळी सासू होती, दोन गुरं अजून जिवंत होती. मग हुकूम निघाला की जवळची कामं बंद, सगळ्यांनी लांबच्या मोठ्या कामावर जायचं, तिथंच राहायचं, आणि मजुरीही कमी. ती आणि तिच्यासोबतच्या बायका पाटी ठेवून निघून आल्या. "आमी कामाला न्हाई म्हटलं नव्हतं, लांब जायला न्हाई म्हटलं व्हतं," असं ती म्हातारपणी सांगायची म्हणे.

त्या हुकुमामागं सर रिचर्ड टेंपल नावाचा अधिकारी होता. या माणसाचीही एक कथा आहे. १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात त्यानं ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हातानं वाटला, आणि फार थोडी माणसं दगावली. त्याबद्दल त्याची वाहवा व्हायला हवी होती. झाली उलट टीका, की केवढा हा खर्च! म्हणून १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटननं त्याला मद्रास आणि मुंबई इलाख्यांत दुष्काळाच्या पाहणीला धाडलं तेव्हा तो हात आखडूनच आला. बाप्या माणसाला दिवसाची मजुरी किती? एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. बाईला त्याहून कमी. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि तेवढ्यावर दिवसभर माती उपसायची. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी जाहीर विरोध केला की एवढ्या अन्नावर कष्टाचं काम करणारा माणूस जगत नाही.

आमच्या बाजूला तर लाखाच्या वर माणसांनी कामं सोडली. त्याला दुष्काळी कामावरचा संपच म्हटलं पाहिजे. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, त्यात गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले सार्वजनिक काका पुढं होते, गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पत्रांवर पत्रं लिहिली. टेंपलनं मात्र आपल्या लिखाणात या संपाचा अर्थ असा लावला की या गरिबांना आयतं खायची भूल पडली आहे आणि शिस्तीत राहण्यापेक्षा उपास काढणं ते पसंत करतात. आंधळ्या सासूचा, दोन गुरांचा त्यात उल्लेख असण्याचं कारण नव्हतं. तो त्या बायकांशी बोललाच नव्हता.

पुढं १८८० चा दुष्काळ आयोग आला, दुष्काळ संहिता झाल्या, आणि हा संशय कागदावर पक्का झाला. धडधाकट माणसाला मदत हवी तर काम करायला लावा, आणि काम एवढं जड आणि मजुरी एवढी कमी ठेवा, की खरा उपाशी असेल तोच येईल. खडी फोडणं ही त्या काळी परीक्षा होती. माणूस भुकेला आहे की लबाड, याचा निवाडा हातोड्यानं करायचा.

आता १९७२ च्या दुष्काळाकडं येते, कारण तो मी डोळ्यांनी पाहिला. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची होते, त्यामुळं माझं स्वतःचं काय आणि मोठ्या आईनं सांगितलेलं काय, हे सारं एकमेकांत मिसळून गेलंय. विहिरीच्या तळाला पायऱ्या दिसायला लागल्या होत्या एवढं पक्कं आठवतं. गोठ्यातली खिलारी जोडी आबांनी बाजारात नेली आणि कासरा तेवढा परत आणला, हेही. घरात वीस-बावीस एकर जिराईत होती, म्हणजे गावात आमची गणना बऱ्यापैकींत. पण जिराईत जमिनीला पाऊस नसेल तर वीस एकर काय नि दोन एकर काय.

रेशनला मिलो आला. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना कडा फाटायच्या, तव्यावरून उतरली की वातड व्हायची, आणि खाल्ल्यावर पोटात कळ यायची. मोठी आई त्यात मूठभर हुलग्याचं पीठ मिसळायची. हुलगे म्हणजे आमच्याकडचं खरं सोनं. थंडीत त्याचं माडगं, आणि सणावाराला नाही तरी पावसाळी दिवसाला लसूण-मिरची घालून शेंगोळे. त्या वर्षी शेंगोळे झाले नाहीत. तांदुळजा, अंबाडी, पाणी असेल तिथं उगवलेला कसलाही हिरवा पाला, आणि ठेचा. आजही कोणी ताटात भाकरीचा तुकडा टाकला की आमच्या पिढीतलं कोणीतरी बोलतंच, "मिलो खाल्ला असता म्हणजे कळलं असतं."

गावाच्या शिवेला पाझर तलावाचं काम निघालं आणि त्याच्या पलीकडं खडी फोडायचं. आधी धाकटे चुलते गेले. मग हप्ता पुरेना तेव्हा मोठी आई निघाली. आबा तिला नको म्हणाले नाहीत आणि जा असंही म्हणाले नाहीत. लुगड्याचा पदर नाकापर्यंत ओढून, बोटांना चिंध्या गुंडाळून ती जायची. मुकादम सकाळी मस्टरवर हजेरी घ्यायचा. नाव पुकारलं की मोठ्यानं "हाय" म्हणायचं असे, आणि घराबाहेर तिनं मोठ्यानं काही म्हणण्याची ती बहुधा पहिलीच वेळ. मी तिच्यासोबत जायची ती सुकडीसाठी. भाजल्या पिठाची ती गोडसर पूड पोरांना ओंजळीत मिळायची. सगळी एकदम तोंडात कोंबली की ठसका लागायचा, तरी आम्ही कोंबायचो.

मोजणीच्या दिवशी खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक ठोकळा न खणता उभा ठेवलेला असे, किती खोल खणलं ते कळावं म्हणून. ब्रासावर, म्हणजे खणलेल्या मातीच्या मापावर हिशेब. कमी भरलं तर मजुरी कमी. बसून खाणाऱ्याला त्या तलावावर जागा नव्हती.

त्या कामावर पाण्याचे दोन रांजण होते. एक आमच्यासारख्यांचा, एक दलित वस्तीतल्या बायकांचा. काही दिवसांनी दुसऱ्या रांजणाला भेग गेली आणि एकाच रांजणावर सगळे आले. मुकादमानं दुसरा मागवला नाही, बायकांनीही मागितला नाही. मोठी आई हे सांगताना फार काही भाव आणत नसे. पण त्या कामावर तिला मिळालेली एक मैत्रीण, जिला आम्ही पुढं मावशी म्हणायला लागलो, ती शेवटपर्यंत आमच्या घरी येत राहिली. आली की थेट चुलीपाशी.

१९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर. म्हणजे मुंबई-पुणं धरूनसुद्धा दर दहांत एक जण हातोडा नाहीतर पाटी घेऊन उभा. त्या वर्षी त्यांना आळशी कोणी म्हटलं नाही. घरंदाज बायका खडी फोडताहेत म्हणून माणसं हळहळली, वर्तमानपत्रं हळहळली. दुष्काळग्रस्त हा तेव्हा मानाचा नाही तरी दयेचा शब्द होता. मावशी ऐकून घ्यायची आणि एकदा म्हणाली, "आमी दरसाल फोडतोय, तव्हा कोण रडलं न्हाई." तिच्याकडं जमीन नव्हती. तिला दुष्काळ दर उन्हाळ्यात होता.

माझ्या मते सगळी गोम इथं आहे. पाऊस झाला, आमची माणसं शेतात परतली, आणि कामावर उरली ती मावशी आणि तिच्यासारखी. मग त्याच कामाकडं, त्याच हातोड्याकडं बघायची नजर फिरली. कालचे दुष्काळग्रस्त ते आजचे रोजगार हमीवाले झाले, आणि रोजगार हमीवाले कामचुकार. आबाही पुन्हा ओट्यावर बसून माना डोलवणाऱ्यांत गेले.

रोजगार हमी योजनेचं नाव आलं की वि. स. पागे यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा हा माणूस, विधान परिषदेचा सभापती. त्यांनी एक गोष्ट उलटी केली, आणि ती फार मोठी आहे. इंग्रजांच्या दुष्काळ संहितेत काम ही गरिबाची परीक्षा होती. पाग्यांच्या योजनेत काम हा त्याचा हक्क झाला. मागेल त्याला काम. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. गावातल्या प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. भत्ता सुरुवातीला दिवसाला एक रुपया होता, तोही मिळवताना नाकी नऊ यायचे ते वेगळं. पण मागणाऱ्यानं हात पसरलेला नाही, अर्ज केलेला आहे, हे देशात पहिल्यांदा कायद्यानं मानलं.

पैसा आणायचा कुठून, तर १९७५ पासून नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची. पगाराच्या चिठ्ठीवर आजही पी. टी. म्हणून कापला जातो तो हाच. आमचे तात्या, म्हणजे माझे मधले काका, मुंबईला कारकून होते, गिरगावातल्या चाळीत राहत. गणपतीला गावी आले की कपातीचा विषय निघायचाच. "आम्ही लोकलला लटकायचं आणि इकडं खड्डे खणून खड्डे बुजवायचे," असं ते म्हणत. तात्या वाईट मनाचे नव्हते. त्र्याहत्तरात ते दर महिन्याला मनीऑर्डर पाठवत आणि स्वतः एका खोलीत सहा जणांत राहत. पण तलावावर ते कधी गेले नव्हते. एका वर्षी मोठ्या आईनं त्यांना हाताला धरून पाझर तलावावर नेलं. सप्टेंबर होता, पाणी होतं. "ह्यो तुझ्या आईनं बुजवलेला खड्डा," एवढंच म्हणाली. तात्या परत येताना गप्प होते. पुढच्या गणपतीत मात्र पुन्हा तेच म्हणाले, कारण ऑफिसात वर्षभर तेच ऐकायला मिळत होतं.

चोरी होत नव्हती असं मी म्हणणार नाही. आमच्या भागातल्या एका रस्त्याच्या मस्टरवर दोन मेलेल्या माणसांची हजेरी लागत होती हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. रस्ते कागदावर झाले, काही पहिल्याच पावसात वाहून गेले. पण मेलेल्यांची हजेरी भरणारा हात मावशीचा नव्हता. तिला सही येत नव्हती, अंगठा होता. चोरी मस्टर ठेवणाऱ्यांची, आणि भाषणात बदनामी अंगठा उठवणारीची, ही वाटणी मला अजून सहन होत नाही.

आपल्या या कायद्याच्या वाटेवरूनच २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा आला, वर्षाला शंभर दिवसांचा. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी लोकसभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी म्हणाले की ही योजना आपण बंद करणार नाही, कारण ती काँग्रेसच्या अपयशाचं जिवंत स्मारक आहे. इतक्या वर्षांनंतरही माणसांना खड्डे खणायला पाठवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. टोला विरोधकांना होता, हे मी समजते. पण ऐकणाऱ्यांच्या डोक्यात राहिला तो खड्डा, त्यातून निघालेलं पाणी कुणाला दिसलं नाही. आणि योजनेच्या बाजूनं बोलणारे काय म्हणत होते? बिचारे गरीब, लाभार्थी. मोठी आई बिचारी नव्हती. मावशी तर मुळीच नव्हती. दोन्ही बाजूंच्या भाषणांत मोजणीचा ठोकळा नसतो, ब्रास नसतो, हातावरचे फोड नसतात.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून माणसं चालत गावी आली. आमच्या गावातही आली, तात्यांची दोन नातवंडंही. त्या मे महिन्यात केंद्रानं याच योजनेला आणखी चाळीस हजार कोटी दिले, आणि त्या वर्षी देशातल्या सात कोटींहून जास्त कुटुंबांनी काम केलं. तात्यांच्या नातवानं तलावाचा गाळ काढला. सुपरवायझरची नोकरी गेलेला मुलगा. त्यालाही कोणी आळशी म्हटलं नाही. साथ होती ना. संकट सगळ्यांवर आलं की माणूस संकटग्रस्त, ते एकट्या मावशीवर राहिलं की माणूस फुकट्या.

गेल्या काही वर्षांत तर फुकट वाटपासाठी रेवडी हा शब्द भाषणांत रुळला. २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयात शहरातल्या बेघरांच्या निवाऱ्याचं प्रकरण चालू असताना न्यायमूर्ती भूषण गवई यांनी विचारलं की फुकट देऊन आपण परजीवींचा एक वर्ग तर तयार करत नाही ना. आपण शेतकरी कुटुंबातले आहोत, महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नाहीत, असंही ते म्हणाले. वकील प्रशांत भूषण यांनी उत्तर दिलं की काम असताना ते नको म्हणणारा माणूस विरळा. बातमी वाचताना मला आबांचा ओटा दिसला. शेतकऱ्याची अडचण खोटी नाही, काढणी थांबली की वर्षाचं नुकसान होतं, हे मी घरात पाहिलंय. पण मजूर का मिळत नाहीत याचं उत्तर मजुराला विचारायचं राहून जातं. आमच्याकडं बाईची शेतातली हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, बाप्यापेक्षा अजून कमी असते. सरकारी कामावर २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता, बाईलाही तोच आणि बाप्यालाही तोच. जी बाई इकडं यायची ती तिकडं गेली तर तिला काम नकोय असं नव्हे, तिला बरोबरीची मजुरी हवीय.

आणि २०२५ च्या डिसेंबरात संसदेनं २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. दिवस शंभरचे एकशे पंचवीस झाले, पण पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून साठ दिवस ही कामं बंद ठेवायची तरतूदही आली, शेतीला मजूर मिळावेत म्हणून. आबा असते तर खूश झाले असते. टीव्हीवर बाजूनं आणि विरोधात बरीच चर्चा झाली, अर्थतज्ज्ञ होते, प्रवक्ते होते; ज्यांचे ते साठ दिवस, त्यांच्यातलं कोणी नव्हतं.

मावशीची सून अजून गावात आहे. जॉबकार्ड तिच्या नावावर आहे, आणि सासूसारखी नाही, सही करते. बातम्या लागल्या होत्या तेव्हा ती आमच्याकडं हुलगे निवडत बसली होती. मी तिला साठ दिवसांचं समजावून सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "ताई, ते साठ दिवस शेतकऱ्यानं किती हजेरी द्यायची, ते लिवलंय का कुटं त्यात?"

मी म्हटलं, बघते. मग ती म्हणाली की पुढच्या ग्रामसभेत ती स्वतःच विचारणार आहे, आणि मी कागदावर प्रश्न नीट लिहून द्यावा.